चिंचोक्यांच्या दोन ओळी

१ जुलै २०२५, मानोरा

पर्यवेक्षिका म्हणून पुढच्या बैठकीत माझ्या बीटमधल्या अंगणवाडी सेविकाताईंसमोर बालशिक्षणातल्या संशोधनावर बोलायचे माझ्याकडे आले आहे. रात्री जेवणं उरकली की वाचत बसते. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग आम्ही प्रशिक्षणांत ऐकलेला आहे. मुलापुढे सारख्या वस्तूंच्या दोन ओळी मांडायच्या. मूल म्हणते, सारख्याच. मग त्याच्यादेखत एक ओळ पसरवायची आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीवर बोट ठेवते. म्हणजे संख्येची समज अजून यायची आहे, असा अर्थ काढला जातो.

आज त्याच्या पुढचे वाचले. स्कॉटलंडमध्ये १९७०च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी हाच प्रयोग केला, पण ओळ विस्कटली ती एका खोडकर टेडीने. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न परत विचारला, की मुलाला वाटते यांना आता दुसरे उत्तर हवे आहे, असे डोनाल्डसन यांचे म्हणणे. यावर पुढे वादही झाले. तरी मला यातले एक अगदी पटले: ‘येत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी कोणी विचारले, कसे विचारले आणि कोणत्या भाषेत विचारले, हे बघायला हवे.

४ जुलै

बंजारा तांड्यावरच्या अंगणवाडीत गेले. पाऊस भुरभुरत होता, मदतनीस बाई खिचडीला फोडणी देत होत्या. साडेचार वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर बसली. पाच आणि पाच चिंचोके मांडले. सारखे आहेत, हे तिने मान हलवून सांगितले. मी एक ओळ पसरवली, मराठीत विचारले. तिने आधी माझ्याकडे, मग ताईंकडे पाहिले आणि लांब ओळ दाखवली.

थोड्या वेळाने सेविकाताईंनी कापडी माकड आणले. माकड ओळीत घुसले, चिंचोके इकडेतिकडे झाले. पोरगी खदखदून हसली, माकडाला ढकलले. ताई स्वतः त्याच तांड्यातल्या. त्यांनी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत विचारले. तिने लगेच सांगितले, सारखेच आहेत, आणि विस्कटलेली ओळ स्वतः नीट लावायला बसली. मराठीत तोंडातून शब्द न काढणारी ही मुलगी मग माकडाला बराच वेळ रागे भरत होती.

तिच्या शेजारच्या मुलाने मात्र दोन्ही वेळा लांब ओळच दाखवली. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही. पहिल्या मुलीने दुसऱ्यांदा बरोबर सांगितले ते माकडामुळे की घरच्या बोलीमुळे, हेही मला वेगळे काढता यायचे नाही. ते करायला पुष्कळ मुले घेऊन, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावे लागते. संशोधनाचा हा सोशिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

८ जुलै

सोयाबीनचे निंदण सुरू आहे. बाया सकाळीच वावरात जातात, त्यामुळे पालकसभा संध्याकाळी घेतली. नेहमीचा प्रश्न आलाच. ‘मॅडम, पोराले एबीसीडी कवा शिकवसान? कॉन्व्हेंटची पोरं लिवतात.’ विचारणाऱ्या बाईंची काळजी खरी आहे. दिवसभर मजुरी करून त्या पोराचा विचार करताहेत. मी म्हटले, आधी बोटात बळ येऊ द्या. डाळीत मिसळलेले सोयाबीनचे दाणे निवडायला बसवा, चिखलाचे बैल करू द्या आणि रात्री तुमच्या बोलीत गोष्ट सांगा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे असे आहे. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. पुन्हा बोलायला हवे.

१२ जुलै

आज वाचलेले बैठकीत सर्वांत आधी सांगणार आहे. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या केंद्रांत, फक्त शिकवण्यासाठी, अर्ध्या दिवसाची एक जादा कार्यकर्ती दिली. मुलांना शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला. दीड वर्षाने गणित आणि भाषा दोन्ही सुधारली, खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. कारण जुन्या ताईंना पोषणाकडे बघायला उसंत मिळाली.

आमच्या ताईंचा दिवस डोळ्यांपुढे आला. वजन, उंची, गरम आहार, टीएचआरचे (घरी न्यायच्या आहाराचे) वाटप, गरोदर मातांची नोंद, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर फोटो. रेंज नसली की मोबाइल धरून बाहेर उभे राहायचे, आत मुले वाट पाहतात. माकड नाचवायला, गोरबोलीत प्रश्न फिरवून विचारायला निवांतपणा लागतो. तो त्यांना मिळायलाच हवा. हे मी वरिष्ठांपुढेही मांडणार आहे.

१६ जुलै

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत होत्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९४५ मध्ये बोर्डी, मग अनुताई वाघांसह कोसबाड. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शंख-शिंपले, खडे वापरले. मुलाला बोल लावण्याआधी आपली पद्धत बदलून पाहण्याचे हे काम डोनाल्डसन यांच्याही आधीचे आहे, आणि आमच्या भाषेत झालेले आहे. बैठकीत स्कॉटलंडच्या आधी कोसबाड सांगेन.

२१ जुलै

बैठक झाली. ठरले ते एवढेच: अकरा ते साडेबारा मोबाइल कपाटात, त्या वेळात फक्त मुले. दर आठवड्याला प्रत्येकीने एका मुलाचे बोलणे, ते बोलले त्याच भाषेत, वहीत उतरवायचे. एका अनुभवी ताईंनी विचारले, ‘त्याच वेळी वरून फोटो मागितला तर?’ पर्यवेक्षिका म्हणून ते माझ्याकडे पाठवा, असे सांगितले. कार्यालयाला देण्याचे पत्र आज रात्री लिहिते आहे. तमिळनाडूचा अभ्यास सोबत जोडणार.