पहाटेचं रीडिंग

स्टार्चचं द्रावण उकळत ठेवलं की प्रयोगशाळेत एक मऊ, ओलसर वास पसरतो. आजी लुगड्याला घालायची त्या खळीचा. आम्लांच्या उग्र दर्पातून वाट काढत तो आला की मला नांदेडची ती लांबट खोली दिसते, टेबलावर सांडलेलं तिरपं ऊन, ब्युरेटच्या काचेवर थरथरणारा कवडसा, आणि त्याच्याखाली श्वास रोखून बसलेली बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची पोरं.

गोदावरीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचं काम माझ्या संशोधनाचं. पोरं आली ती बाटल्या उचलायला. नगिना घाटावर, गोवर्धन घाटावर बाटली पाण्यात बुडवायची, एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही, काठावरच रसायनं घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा आणि तपकिरी साका बसेपर्यंत गप्प राहायचं. सुरुवातीला त्यांचे हात कापायचे. लॅबमध्ये आम्ल पडलं की पाणी सोनेरी व्हायचं, थायोसल्फेटच्या थेंबाथेंबानं फिकं होत जायचं. मग स्टार्च, आणि एकदम गर्द निळं. पुन्हा थेंब, पुन्हा थेंब. एका थेंबाला ती सगळी निळाई नाहीशी! किती वर्षं झाली, तो थेंब मला अजून जुना वाटत नाही.

त्यांच्यात लातूरकडची एक मुलगी होती. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती शाळेत होती, घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. बाटली विसळलेलं पाणीही ती घाटावरच्या झाडाच्या मुळाशी नेऊन ओतायची. एका दुपारी वही चाळता चाळता म्हणाली, "मॅडम, आपली सगळी रीडिंगं अकराच्या पुढची आहेत. पहाटं किती राहत असेल ओ?"

उत्तर मला ठाऊक होतं. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री नदीतला जीव न् जीव तो नुसता वापरत राहतो, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी. पण ते सांगून टाकलं असतं तर प्रश्न तिथंच विझला असता.

"बघू या की," म्हटलं.

अंधारातच गेलो. गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर पाण्यावरून येत होते, टॉर्चच्या उजेडात ती बाटलीला बूच लावत होती, आणि तिचे हात आता कापत नव्हते. लॅबमध्ये निळाई फार लवकर गेली. ती ब्युरेटकडे बघतच राहिली.

"एवढाच? मग मासे रात्र कशी काढतात ओ मॅडम?"

त्या क्षणापासून काम तिचं झालं. मी बाटल्या धरायला.

विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धा 2006 पासून भरतात, पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पही आले, चांगलंच झालं. पण पोस्टर छापायच्या आधी पोराच्या तोंडून एखादा स्वतःचा प्रश्न निघावा लागतो, आणि तो निघेपर्यंत शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे. मला तरी हेच मार्गदर्शन वाटतं, बाकीचं वेळापत्रक.

प्राध्यापक मंडळींनो, पोरांना एकदा पहाटे नदीवर न्या. आणि त्यांच्या प्रश्नातून शोधनिबंध उभा राहिला, तर त्यांचं नाव आभारात नको, लेखकांमध्ये घाला.