मन विटलं

महाड-पोलादपूरकडचे कोर्टाचे कागद मी मराठीतून इंग्रजीत करतो. त्यात एक शब्द हमखास भेटतो, 'पूर्ववैमनस्यातून'. भांडण खाचराच्या बांधावरून असो, विहिरीवरून असो की आंब्याच्या फांदीवरून, जबाबात हा शब्द ठरलेला. त्यापुढे मीही ठरलेला इंग्रजी शब्द लिहायचो, 'अ‍ॅनिमॉसिटी'.

एकदा कोशात त्याचं मूळ पाहिलं. लॅटिनमध्ये 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन, चित्ताची उभारी. त्यावरून आलेल्या नामाचा अर्थ धैर्य, हिंमत. इंग्रजीतही तो आधी हिमतीचाच शब्द होता; 1600च्या सुमारास द्वेषाकडे वळला. आपलं 'वैर' तरी कुठून आलं? 'वीर'पासून. 'वैमनस्य' मात्र वेगळ्या घरचं. त्याच्याही पोटात मनच आहे, पण ते खचलेलं. संस्कृतात वैमनस्य म्हणजे खिन्नता, उदासी. लॅटिन शब्दातलं मन उसळलेलं, आपल्यातलं उतरलेलं, आणि मी इतकी वर्षं एकाच्या जागी दुसरं ठेवत होतो.

'दावा' या शब्दाने तर मला सुरुवातीलाच फटका दिला होता. 'त्याने दावा साधला' याचं मी 'खटला भरला' असं भाषांतर केलं. प्रत्यक्षात त्याने सूड घेतला होता. दावा लावतात कोर्टात, दावा धरतात मनात. सगळा अर्थ क्रियापदावर असतो. महाडमध्ये हे विसरून चालत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही इथल्या, अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच्या रागातून गावात सत्याग्रहींना मारहाण झाली. मग डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मनात धरलेला दावा असा कागदावर उतरला. तो शेवटी मुंबई उच्च न्यायालयात फेटाळला गेला, 17 मार्च 1937 रोजी. मधली सव्वानऊ वर्षं डॉ. आंबेडकर तो कायद्याने लढले. 'दावा' शब्दाची उजळ बाजू मला तिथे दिसते.

गेल्या पावसाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या एक आजी वकिलांकडे आल्या होत्या. बांध हातभर सरकवला म्हणून दिराशी तंटा. प्रतिज्ञापत्र मराठीत तयार होतं. ते मी त्यांना वाचून दाखवत होतो. 'पूर्ववैमनस्यातून' आलं तशी त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हंजे काय रं बाबा?"

"वैर, आजी."

"वैर न्हाय. त्याला मी कडंवर घेऊन वाढवलाय. मन इटलं माजं, येवढंच."

लग्न होऊन घरात आल्या तेव्हा दीर लहान होता, हे त्यांनी मग सांगितलं. मला तो संस्कृत शब्द आठवला. त्यांना त्याचा पत्ता नव्हता, पण त्याचा जुना अर्थ त्यांनी नेमका सांगितला होता.

मूळ कागदात फेरफार करणं माझं काम नव्हे. मी वकिलांना सांगितलं, त्यांनी ओळ बदलली: 'सदर घटनेने माझे मन विटले आहे.' इंग्रजीत मी 'अ‍ॅनिमॉसिटी' लिहिलं नाही. त्यांचं मन दुखावलं आहे आणि दिराशी बोलणं बंद आहे, असं साध्या दोन वाक्यांत लिहिलं. मग ते पुन्हा मराठीत सांगितलं. आजींनी मान हलवली आणि अंगठा उठवला.