काकाजी नोकरीत असते तर

काकाजी देवासकर हे पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ या नाटकातलं पात्र आहे, हे इंदूरच्या मराठी माणसाला पटवणं कठीण. ‘अहो, ते आपले रामूभैया दाते!’ असं तो ठणकावून सांगतो आणि वर त्यांच्या मैफलींचा एखादा किस्सा ऐकवतो. पुलंचा रामूभैयांशी आणि जवळच देवासला राहणाऱ्या गायक कुमार गंधर्वांशी स्नेह होता. तेव्हा हा दावा अगदीच हवेतला नव्हे.

मला कुतूहल आहे ते काकाजी कागदावर उतरत होते तेव्हा पुलं काय करत होते याचं. ते नोकरी करत होते, तीही सरकारची. १९५५ साली ते आकाशवाणीत रुजू झाले. (त्याच वर्षी मे महिन्यात इंदूरच्या मालवा हाऊसमधलं केंद्रही सुरू झालं.) ‘तुझे आहे तुजपाशी’ आलं १९५७ साली. म्हणजे मिनिटामिनिटाला बांधलेल्या खात्यातला माणूस, घड्याळाशी काडीचं देणंघेणं नसलेला, शिकारीच्या गप्पांत रमणारा, हिंदीच्या वळणाची ऐसपैस मराठी बोलणारा म्हातारा घडवत होता.

आणि खातं तरी कसं? आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पुलंची बोटं पेटीवर कशी चालत हे ज्यांनी ऐकलंय, त्यांनी जरा कल्पना करावी. स्टुडिओत तंबोरे लागलेत, सारंगी जुळतेय, दारावरचा लाल दिवा पेटलाय, आणि हा पेटीवाला हात चोळत काचेपलीकडे उभा. या माणसाला काकाजी सुचले नसते तरच नवल!

पण नोकरी म्हणजे नुसता जाच, असंही म्हणवत नाही. तिनंच त्यांना लंडनला बीबीसीत शिकायला धाडलं, त्यातून ‘अपूर्वाई’ निघाली. दिल्लीत दूरदर्शनच्या पहिल्या दिवसांत पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली. पुढे रंगमंचावर स्वतः लिहून, बसवून, नाचूनगाऊन जे गाजवलं त्याचं नावही आकाशवाणीला शोभणारं: ‘वाऱ्यावरची वरात’. सरकारी मीठ असं कामी आलं.

मग काकाजींना इंदूरचंच का केलं? मला वाटतं, पुण्यात ते खपले नसते. होळकरांचं राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झालं. मध्य भारताची उन्हाळी राजधानी असण्याचा इंदूरचा मान नोव्हेंबर १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाल्यावर गेला, राजधानी भोपाळ झाली. नाटक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी. दरबार उठला, सवयी मात्र राहिल्या, असं हे गाव होतं. काकाजी त्या सवयींचे वारस. त्यांच्या बंगल्यात नाटकातल्या विरक्त आचार्यांच्या व्रतवैकल्यांची साथ पसरते, तेव्हा प्रेक्षक पहिल्या अंकापासून काकाजींच्या बाजूनं असतो. मीही असतो. फक्त मध्येच शंका येते, की या शौकांचा खर्च कुणाच्या शेतातून येत होता? नाटक त्या वाटेला जात नाही.

काकाजी आणि आचार्य या दोघांत पुलं स्वतः कुठे होते? आयुष्यभर नेमानं लिहिलं, तालमी केल्या, मिळालेल्या पैशातून प्रतिष्ठान काढून संस्थांना देणग्या दिल्या; ही शिस्त काकाजींची नव्हे. म्हणूनच बहुधा आचार्यांची त्यांनी नुसती टर उडवली नाही. शेवटी आचार्य काकाजींपुढे मन मोकळं करतात तेव्हा मघाशी हसणारं प्रेक्षागृह गप्प होतं. तो प्रवेश दोघांनाही आतून ओळखणाऱ्याचा आहे.

इंदुरात आज मराठी नाटकं ‘सानंद’ या संस्थेमुळे होतात. सभासदांचे पाच गट, एकाच नाटकाचे शनिवार-रविवारी पाच प्रयोग. एका गटाला पत्रकार राहुल बारपुत्यांचं नाव, एकाला रामूभैया दात्यांचं. त्यामुळे मध्यंतरात चहाच्या रांगेत कुणी विचारतं, ‘तुम्ही रामूभैयांत का?’ आणि समोरचा घड्याळाकडे बघत सांगतो, ‘हो, पण पुढच्या वेळी वेळ बदलून मिळेल का, बघायचंय.’