हॉलमधले दहा मीटर

नेमबाज स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं आणि माझ्याकडे पालकांच्या फोनची रीघ लागली. प्रश्न ठरलेला, "सर, कोणती रायफल घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या घरात सरळ रेघेत जास्तीत जास्त किती मीटर मिळतात?" मग कोणीतरी टेप शोधायला जातं.

पुण्यातल्या टू-बीएचकेत ही रेघ बहुधा हॉलच्या खिडकीपासून निघते आणि पॅसेज संपतो तिथे, सात-आठ मीटरवर, बाथरूमच्या दाराला जाऊन टेकते. गावाकडच्या लांबोळक्या घरात किंवा बंद पडवीत एअर रायफलच्या स्पर्धेचे पूर्ण दहा मीटर मिळतात. दहा मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर पहिला मोह होतो तो टार्गेट लहान छापून पाच मीटरवर लावायचा. दिसायला सगळं तेच दिसतं, फक्त गुण खोटे पडतात. दहा मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा गुण. म्हणजे छऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटर सरकला तरी चालतो. पाच मीटरवर टार्गेट निम्मं होतं, छर्रा मात्र तेवढाच राहतो. तिथे जो काठावरचा दहा मिळतो, तो खऱ्या अंतरावर नऊच असतो. असे घरचे दहा मोजून स्पर्धेला आलेली मुलं पहिल्या दहा शॉटमध्येच गांगरतात.

म्हणून माझा सल्ला लोकांना आवडत नाही. जागा अपुरी असेल तर घरी छर्रा झाडूच नका, कोरडा सराव करा. रेंजवर आम्ही त्याला ड्राय फायर म्हणतो. पाच मीटरवर पंधरा मिलिमीटरचा काळा गोल चिकटवायचा, रायफल उचलायची, नेम धरायचा, चाप दाबायचा. छर्रा नाही, भोक नाही, गुण नाहीत. आणि गुण नसतात म्हणूनच याचा उपयोग होतो. कागदावर भोक दिसलं की डोळा त्याच्यामागे धावतो, मान उचलली जाते. कोऱ्या गोलाकडे बघताना चाप सुटला त्या क्षणी नळीच्या टोकावरची फोरसाइट नेमकी कुठे होती एवढंच दिसतं, आणि नेमबाजाला कळायला हवं ते तेवढंच.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. ही कसरत स्प्रिंगच्या बंदुकीवर करायची नाही. नळी मोडून ताण भरायच्या स्वस्त एअरगनमध्ये छर्रा नसला तर पिस्टनला हवेची उशी मिळत नाही. तो पुढच्या भिंतीवर दाणकन आपटतो आणि सील-स्प्रिंगची वाट लागते. स्पर्धेच्या आजच्या रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात आणि त्यांत कोरड्या चापाची वेगळी सोय असते.

आता उभं राहण्याबद्दल. कारण खरं शिक्षण तेच आहे आणि ते हॉलमध्ये होतं. डाव्या बाजूनं टार्गेटकडे उभं राहायचं, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ किंचित मागे आणि वळलेली. साडेपाच किलोपर्यंतची रायफल हाडांवर विसावली पाहिजे. दंडाचा स्नायू कामाला लागला की काही मिनिटांत थरथर सुरू झालीच म्हणून समजा. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. फोरसाइटची रिंग गोलाच्या उजवीकडे गेलेली दिसली तर नवशिका हातानं ओढून आणतो. हात लावायचा नाही. मागचं पाऊल बोटभर सरकवायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे. शरीर आपणहून जिथे बघतं तिथेच टार्गेट आलं पाहिजे.

रिंग गोलावर आली तरी ती स्थिर नसते. काळ्या गोलाभोवती पांढऱ्याची बारीक कड दिसते आणि ती नाडीच्या ठोक्याबरोबर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होत राहते. हे हलणं कुणाचंच थांबत नाही, ऑलिंपिक विजेत्या अभिनव बिंद्राचंही थांबलेलं नसणार. ते लहान करत न्यायचं आणि त्यातच चाप सोडायचा. आठ-दहा सेकंदांत शॉट झाला नाही तर रायफल खाली. त्यापुढे डोळा थकतो आणि जुनंच चित्र खरं मानून बसतो. रायफल खाली घेणं ज्याला जमतं तो पुढे जातो, हे मी मुलांना सांगून सांगून थकलोय. शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायचं. छऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १७५ मीटर, पॉइंट टू-टूच्या गोळीच्या जवळपास निम्मा. तो नळीत असतानाच खांदा ढिला पडला तर आधीची सगळी मेहनत वाया.

उभं राहण्याची किंमत कळायला पॅरिसची फायनल आठवा. कुसाळेचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. गुडघ्यावर आणि पालथं झोपून मारून झालं तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. वर आला तो उभ्याच्या फेरीत, आणि ४५१.४ वर कांस्य घेऊन थांबला.

कुसाळेची ती रायफल पॉइंट टू-टूची. तिला परवाना लागतो आणि ती रेंजवरच चालवायची, हॉल कितीही मोठा असो. आपल्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. याचा अर्थ ती खेळणं आहे असा काढणारे भेटतात. कबुतरांसाठी, माकडांसाठी एअरगन हवी म्हणणाऱ्यांना मी सरळ दुसरीकडचा रस्ता दाखवतो. घरात पूर्ण दहा मीटर असतील आणि छर्रा झाडायचाच असेल तर टार्गेटमागे तिरक्या पोलादी पत्र्याची पेटी हवी, म्हणजे छर्रा खाली वळून आतच पडतो. पेटीमागे जाड प्लायवूड, डोळ्यांवर चष्मा, आणि मारणारा व टार्गेट यांच्यामध्ये उघडेल असं एकही दार नको. असेल तर आतून कडी. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना आधी बोलावून एकदा दाखवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि छर्रे शिशाचे असतात. त्या हातांनी चकली उचलायची नाही, साबणानं हात धुऊन मगच. पेटीपुढची भुकटी झाडूनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची.

आपल्याकडे घरच्या रेंजवर घडलेला नेमबाज म्हणजे अभिनव बिंद्रा. वडिलांनी चंदीगडजवळ झिरकपूरला घरीच वातानुकूलित रेंज बांधून दिली आणि २००८ मध्ये बीजिंगला त्यानं देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. हे उदाहरण पालक मला हमखास ऐकवतात. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आहे. अंजली भागवत आणि सुमा शिरूर मुंबईत, घराबाहेरच्या रेंजवर घडल्या, संजय चक्रवर्तींसारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. घरच्या रेंजवर पैसा ओतण्याआधी त्याच पैशात आठवड्यातून दोनदा चांगल्या प्रशिक्षकापुढे उभं राहता येतं, हे मी प्रत्येकाला सांगतो. उरलेले दिवस हॉल आहेच.

तरीही रायफल घ्यायचीच असेल तर आधी जॅकेट आणि बूट मुलाच्या मापाचे घ्या, रायफल वर्षभर क्लबची वापरा. नंतर जुनी घेतलीत तर नळीपेक्षा आधी सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली असतील तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा, विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.