रूळ उचलल्यानंतर

एम.ए.ला निसर्गकविता आम्ही ज्या गांभीर्याने शिकलो आणि पुढे वीस वर्षे ज्या गांभीर्याने शिकवली, त्या साऱ्यात इंग्लंडचा ग्रामीण भाग हा न पाहताच पाठ झालेला प्रदेश होता. केशवसुत आणि बालकवी यांच्याविषयी बोलताना इंग्रजी रोमँटिकांचे नाव घेतल्यावाचून तास पुरा होत नसे. टेकड्या, ओढे, मेंढरे, एकांत हे सगळे आमच्या टिपणांत आधीच तयार होते. त्यामुळे मे महिन्यात शेफील्डला नोकरी करणाऱ्या भाच्याकडे गेलो आणि त्याने, “मामा, मामी, डार्बिशायरमध्ये गाड्यांचं नावही नसलेली सायकलची वाट आहे, एक दिवस जाऊन या,” असे सुचवले, तेव्हा आपण ओळखीच्याच गावी निघालो आहोत अशी आमची समजूत होती.

या वाटेचे नाव मॉन्सल ट्रेल. लांबी साडेआठ मैल, म्हणजे चौदा किलोमीटरच्या आत. बेकवेल गावाजवळच्या हॅसप स्थानकात आता उपाहारगृह आणि पुस्तकांचे दुकान आहे. तिथेच सायकली भाड्याने मिळतात. आम्ही दोघेही पंचेचाळिशीच्या पुढचे आणि सायकल सुटून पंचवीस वर्षे झालेली. पहिली दहा मिनिटे लाजिरवाणी गेली. नंतर ध्यानात आले, की चहूकडे प्रदेश लाटांसारखा वर-खाली होतो आहे, दगडी कुंपणे टेकड्यांवर चढताहेत, उतरताहेत, आणि आपली वाट मात्र सपाट आहे. वस्तुतः ती हळूहळू चढत असते. पण ते कळते परतताना, पायडल न मारता सायकल पुढे जाऊ लागते तेव्हा.

या सपाटपणाचे कारण साधे आहे. ही मुळात आगगाडीची वाट. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून मिडलंड रेल्वेने टेकड्या फोडल्या, दऱ्यांत भराव घातले, वाय नदीवर पूल बांधले, आणि १८६३ मध्ये इथून गाड्या धावू लागल्या. लंडन-मँचेस्टर मार्गाचा हा तुकडा १९६८ मध्ये बंद पडला. पुढे रूळ उचलले गेले, १९८१ मध्ये पायवाट झाली. तरी बोगद्यांची तोंडे बंदच होती. चार मोठे बोगदे, प्रत्येकी सुमारे चारशे मीटरचे, २०११ मध्ये दिवे लावून उघडले, तेव्हा कुठे ही वाट सलग झाली. इंग्लंडमध्ये अशा वाटा पुष्कळ आहेत. याच डार्बिशायरमधली टिसिंग्टन ट्रेल १९७१ची. ब्रिस्टल ते बाथ ही पंधरा मैलांची वाट सायकलप्रेमींनी १९७९ पासून टप्प्याटप्प्याने तयार केली. सर्वांची कुळकथा बहुधा एकच : आधी गाडी, मग गवत, मग सायकल.

हेडस्टोन बोगद्याच्या अंधारातून आपण बाहेर पडतो तो थेट पुलावर. पाच कमानींचा दगडी पूल, खाली खोलवर वळण घेणारी नदी, दोन्ही अंगांना हिरव्या उतारांवर हॉथॉर्नचा पांढरा फुलोरा. आमच्याप्रमाणेच प्रत्येक जण येथे थांबतो आणि छायाचित्र काढतो. छायाचित्रात पूल हवाच असतो. गंमत अशी, की याच पुलावर रस्किन संतापला होता. बक्स्टनच्या माणसाला अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावे एवढ्यासाठी देवांची दरी नासवली, असा त्याचा आक्षेप. ज्या रस्किनच्या पुस्तकाने गांधीजींना सर्वोदयाची वाट दाखवली, तोच हा. ‘हिंद स्वराज्य’मध्ये आगगाडीवर जे कोरडे ओढले आहेत, त्यांची आठवण येथे होणे साहजिक होते. पण रस्किनला ज्याने दरीचा घात केला, तो पूल १९७० मध्ये संरक्षित वास्तू ठरला, आणि आज त्याच्यावाचून दरी अपुरी वाटते. निसर्गसौंदर्य शिकवताना आम्ही हा शतकभराचा अवधी कधी हिशेबात धरला नव्हता.

त्याहून अडचणीत टाकले ते पुढच्या दोन बोगद्यांनी. त्यांच्या आगेमागे, वाटेच्या खाली, नदीकाठाला दोन जुन्या सूतगिरण्यांच्या इमारती आहेत : क्रेसब्रुक आणि लिटन. पाण्यावर चालणाऱ्या. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना उमेदवार म्हणून आणून राबवीत. त्यांपैकी रॉबर्ट ब्लिंको या मुलाची आठवण पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि मारहाणीची, उपासमारीची ती हकीकत बालकामगारांच्या चळवळीत गाजली. म्हणजे रोमँटिक कवी निसर्गाच्या एकांतात रमले होते, त्याच काळात या एकांतात चात्या फिरत होत्या. आज तिथे घरे आहेत, पडदे आहेत, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आहेत. खाली पाण्याचा आवाज तेवढा येतो. सायकल उभी करून आम्ही तो ऐकला. पण आता तो पूर्वीसारखा ऐकू येईना.

मिलर्स डेलला जुने फलाट शाबूत आहेत. तिथल्या बाकावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. गप्पा त्यांनीच सुरू केल्या. शाळेला त्या याच फलाटावरून जात. “गाडी बंद झाली तेव्हा मी तेरा वर्षांची. आम्हां मुलांना वाटलं, चला, शाळा सुटली!” त्या हसल्या. मग बसने शाळा, मग मोटार. आता डोळ्यांमुळे मोटारही सुटली आहे. वाट छान झाली हे त्यांना मान्य होते, रोज येतात म्हणाल्या. “पण ही वाट मला दवाखान्यात नेत नाही.” आणि मग सहज विचारले, “तुमच्या गावी गाडी आहे का?”

आमच्यापैकी एक सासवडकडचा, एक अंजनगाव सुर्जीची. प्रश्नाचे उत्तर तिने द्यायचे होते. मूर्तिजापूर ते अचलपूर ही छोटी लाइन, जिला सगळे शकुंतला म्हणत, तिच्या माहेरावरून जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जावा म्हणून ती टाकली. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला चार-चार तास. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन. तिचे वडील या लाइनवर गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज ठरलेल्या हद्दीत चालायचे, गिट्टी सारखी करायची, सैल झालेली खीळ ठोकायची, हे त्यांचे आयुष्य. कवितेत म्हणतात ते वाटेवरचे प्रेम त्यांच्यापाशी होते की नाही ते सांगता येणार नाही. वाटेची काळजी होती. गाडी बंद पडली तेव्हा ते निवृत्त होते. तरीही सकाळी उठून रुळांवरून चालत, आणि काही काळाने ते चालणेही बंद झाले. त्यांच्या अखेरच्या आजारात अमरावतीला नेण्यासाठी रात्री मोटार मिळायला तीन तास लागले होते. हे सारे तिने बाईंना सांगितले नाही. “होती,” एवढेच म्हणाली.

परतीच्या वाटेवर, त्याच पुलावर, आमचे वाजले. आमच्यातला सासवडकर उत्साहाने बोलून गेला, की आपल्या लाइनवरही अशी वाट व्हायला हवी : दुतर्फा निंब, बाभळी, पोरांना शाळेत जायला सायकलची सुरक्षित सोय, अचलपूरपासून पुढे मेळघाटपर्यंत पर्यटन. ती थांबली. “अहो, इथं रूळ उचलले तरी माणसाला दुसरा रस्ता होता. आमच्याकडं लोक अजून गाडीसाठी निवेदनं देताहेत. तुम्ही आत्ताच गवताची तयारी करताय?” तो म्हणाला, निवेदनांनी गाडी येत नाही, तोवर रूळ चोरीला जातात. ती म्हणाली, जाऊ देत, पण बाबा ज्या गिट्टीवरून चालले तिच्यावर तिकीट काढून सायकल चालवायला मी येणार नाही. येथे तिकीट नाही, हे त्याने सांगून पाहिले. खरे तर त्या वेळी सांगायचे ते नव्हतेच. आजूबाजूला माणसे कठड्याला टेकून दरी पाहत होती. मराठीतले भांडण कुणाला समजले नसावे. आवाज मात्र चढला होता, आणि त्या शांत वाटेवर तो आम्हांलाच फार मोठा वाटला.

असो. पुढचा बोगदा आम्ही एकामागे एक, न बोलता पार केला. आत थंडी होती आणि छतातून ठिबकणारे पाणी मानेवर पडत होते. बाहेर आल्यावर ती पुढे होती. उतार असल्याने पायडल मारावे लागत नव्हते. तरी ती मारत होती. एके ठिकाणी थांबून तिने वाटेच्या कडेचा दगड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. “चुनखडी आहे,” म्हणाली, “आपली काळी असते,” आणि तो पुन्हा जागच्या जागी, नीट दाबून ठेवला.

पाचाच्या आत सायकली परत करायच्या होत्या. आम्ही पावणेपाचला पोहोचलो. दुकानातल्या मुलाने ब्रेक तपासले, प्रवास कसा झाला ते विचारले, आणि आम्ही दोघांनी एकदमच सांगितले, छान झाला.