किझी बेटावरील लाकडी चर्च

रशियाच्या वायव्येला करेलिया हा सरोवरांचा आणि अरण्यांचा प्रदेश आहे. तेथील विस्तीर्ण ओनेगा सरोवरात किझी नावाचे एक चिंचोळे बेट आहे. लांबी जेमतेम ६ किलोमीटर; झाडे विरळ आणि गवत भरपूर. नावेतून येणाऱ्याला दुरूनच पाण्याच्या काठी घुमटांची एक रुपेरी रास दिसू लागते. येशूच्या रूपांतराच्या सणाला अर्पण केलेले हे ऑर्थोडॉक्स पंथाचे चर्च होय.

येथील पूर्वीचे चर्च वीज पडून जळाले. त्याच्या जागी १७१४ साली आजच्या वास्तूचा पाया घातला गेला. पाया तरी कसला? दगडांवर रचलेले पाइनचे ओंडके, एवढेच. मध्यभागी अष्टकोनी दालन, चारही दिशांना चार उपदालने आणि मधल्या अष्टकोनावर क्रमाने लहान होत जाणारे आणखी दोन अष्टकोन, अशी तिची रचना आहे. प्रत्येक टप्प्यावर घुमट आहेत. एकूण घुमट २२ आणि उंची ३७ मीटर. एवढी गर्दी असूनही एकही घुमट उपरा वाटत नाही, हे त्या अनाम सुतारांचे खरे यश म्हणावे लागेल.

या चर्चमध्ये एकही खिळा नाही, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. ते पूर्ण खरे नव्हे. ओंडक्यांच्या टोकांना कुऱ्हाडीने खाचा पाडून ते एकमेकांत बसवले आहेत. भिंतींना खिळ्यांची गरज पडलेली नाही. घुमटांवरची लाकडी कौले मात्र खिळ्यांनीच ठोकलेली आहेत. ॲस्पेन वृक्षाच्या लाकडाची ही कौले सुमारे ३०,००० भरतात. घुमटांच्या आत झिरपलेले पाणी बाहेर वाहून नेण्यासाठी छपराखाली आणखी एक छुपे छप्पर आहे. दंतकथा सांगते, की काम संपताच नेस्टर नावाच्या सुताराने आपली कुऱ्हाड सरोवरात फेकून दिली. असे दुसरे चर्च पुन्हा घडू नये म्हणून. पण भिंत उभारायला अनेक हात लागतात, आणि दंतकथेला एकच नायक पुरतो!

हे चर्च उन्हाळ्यापुरतेच. येथे शेकोटीची सोय नाही. थंडीतल्या प्रार्थनेसाठी शेजारी नऊ घुमटांचे दुसरे, ऊब देता येणारे चर्च आहे. दोहोंच्या मध्ये १८६२ साली बांधलेला घंटाघराचा मनोरा आहे.

या अंगणाने केवळ प्रार्थनाच ऐकल्या असे नाही. सरकारी कारखान्यांत सक्तीने राबवले जाणारे शेतकरी १७६९ मध्ये येथे एकवटले आणि त्यांनी कामास नकार दिला. १७७१ मध्ये सैन्याने जमावावर तोफा डागून हा उठाव मोडला. पुढाऱ्यांना सायबेरियात धाडण्यात आले. पुढे सोव्हिएत राजवटीत, १९३७ साली, येथील उपासना बंद पडली.

पण वास्तूचा खरा शत्रू ओल हा होता. ओंडके कुजू लागले, भिंती कलल्या. १९८० च्या दशकात आतील संतचित्रांची भिंत उतरवून तेथे पोलादी सांगाडा उभारला गेला आणि चर्च आतून बंद झाले. १९९० साली युनेस्कोने या वास्तुसमूहाला जागतिक वारसा ठरवले, तरी दुरुस्तीचा प्रश्न सुटला नाही. सगळे चर्च सुटे करून पुन्हा रचावे, तर ते जुने चर्च कसे उरणार? अखेर सुतारांनी धाडसी मार्ग निवडला. वरचा भार सांगाड्यावर तोलून धरायचा, खालचा एक पट्टा काढून कार्यशाळेत न्यायचा, कुजलेला भाग तेवढाच कापून नवे लाकूड सांधायचे आणि पट्टा परत जागी बसवायचा. असे सात पट्टे खालून वर दुरुस्त होत गेले. या काळात २२ घुमट अधांतरी टांगलेले असत. काम २०२० मध्ये पूर्ण झाले. १०२ संतचित्रांची भिंतही पुन्हा आत उभी राहिली.

भिंतींत जोडलेले नवे लाकूड अजून फिकट पिवळसर दिसते. जुन्याशेजारी ते सहज ओळखू येते, आणि सुतारांनी ते लपवलेलेही नाही. ऊन, पाऊस आणि हिम यांनी त्यालाही हळूहळू रुपेरी करडा रंग चढतो आहे.