मंग तिसरा?

परवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडे घरातल्या जुन्या पोथ्या शिवायला दिल्या. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर मैद्याची खळ शिजत होती. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलेलं. तो कडवट वास नाकात गेला आणि मी काय बोलत होते तेच विसरले. माझी सगळी नोकरी त्या वासात गेली आहे. जुन्या कॅलेंडरांची चित्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि खाली ठसठशीत अक्षरांत दोन ओळी लिहायच्या. त्यातले निम्म्याहून अधिक पुठ्ठे चंद्राचे होते.

पहिला पुठ्ठा माझ्या वडिलांनी केला, जुलै १९६९मध्ये. आमच्या गावात वर्तमानपत्र एसटीनं यायचं, तेही शिळं होऊन. वडील ते पारावर मोठ्यानं वाचत. चंद्रावर माणूस उतरल्याचा अंक मात्र त्यांनी घरी आणला, पहिलं पान कापलं, पुठ्ठ्यावर डकवलं आणि माजघराच्या भिंतीला टांगलं. मी तेव्हा नुकती अक्षरं जुळवायला लागले होते. ‘आर्मस्ट्राँग’ या शब्दाशी माझी झटापट बरेच दिवस चालली. ‘स्ट्राँ’पाशी जीभ अडायची. पण तो शब्द सोडून पुढे जावं असं मनात आलं नाही. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाचं नाव होतं ते, वाचता यायलाच हवं होतं.

पुढे बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा हाच धागा धरून शिकवलं. पहिलीच्या मुलांपुढे जोडाक्षर नको, ही आमच्याकडची जुनी शिस्त. कमळ, बदक, घर, मगर. चंद्र आणायचा तर चांदोबा म्हणून आणायचा, कारण ‘चंद्र’मध्ये ‘द्र’ आहे. एका तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या फळ्यावरचा ‘अंतराळवीर’ बघून कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांना शब्द नीट वाचायला सांगितलं. अं, त, रा, ळ, वी, र. त्यात एकही जोडाक्षर नाही! ‘विवर’मध्ये नाही, ‘यान’मध्ये नाही, ‘अवकाश’मध्ये नाही. पहिलीचं मूल हे सगळं वाचू शकतं, आणि आपण त्याला वर्षभर ‘मगर बघ’ वाचायला लावतो.

‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द लिहायला अवघड, पण मुलांच्या तोंडी तो आधीच बसला होता. रेशन दुकानातल्या काट्यावर सगळ्यांची वजनं करून आणली. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, म्हणजे चोवीस किलोचा गडी तिथे चार किलोचा. त्या दिवसापासून जो तो दुसऱ्याला आपलं चंद्रावरचं वजन सांगत हिंडत होता. अर्थ आधी आला, अक्षरं मागून आली. माझ्या अनुभवात शब्द असेच टिकतात.

पण खळीच्या वासानं मला आठवला तो एकच मुलगा. इतकी मुलं हाताखालून गेली, तरी हाच आठवतो.

ऑक्टोबर २००८. बावीस तारखेला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान निघालं होतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या गाड्या येतात आणि उचल घेतलेली घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. हा मुलगा तिसरीत होता, पण दरवर्षी अर्धी शाळा अशी बुडायची, त्यामुळे वाचनात पहिलीच्याही मागे. तोंड उघडायचा नाही. त्या आठवड्यात मी अपोलो ११चा पुठ्ठा काढला होता. खाली लिहिलं होतं : ‘तिघे गेले. दोघे उतरले.’ त्यानं बोट ठेवून चारही शब्द वाचले. मग पुठ्ठा उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“बाई, मंग तिसरा?”

मी सांगितलं. त्याचं नाव मायकेल कॉलिन्स. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले, तेव्हा तो कोलंबिया यानात बसून चंद्राभोवती फिरत राहिला. एका फेरीला सुमारे दोन तास. यान चंद्राच्या पलीकडे गेलं की पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ पृथ्वीशी रेडिओ बंद. बोलायला कोणी नाही.

“एकटाच?”

“एकटाच.”

“मी बी कोपीवर एकटाच असतो. बारक्याला घिऊन.”

आईबाप पहाटे फडात जातात, आणि उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात हा धाकट्या भावाला सांभाळत बसतो, हे मला माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं, आणि आलं ते चंद्रामागून.

त्याच रात्री मी कॉलिन्सचा वेगळा पुठ्ठा केला. चित्र मिळालं ते कॉलिन्सनंच टिपलेलं. चंद्रावरून परत येणारं यान, त्यात दोघे मित्र, आणि मागे अर्धी उजळलेली पृथ्वी. त्या वेळी जिवंत असलेली सगळी माणसं त्या चित्रात कुठे ना कुठे आहेत, फक्त कॅमेरा धरणारा सोडून, असं त्या चित्राबद्दल म्हणतात. पण दोन दिवसांत गाडी आली आणि मुलगा गेला. १४ नोव्हेंबरला, बालदिनाच्याच दिवशी, चांद्रयानातून सोडलेली तिरंगा रंगवलेली पेटी चंद्रावर जाऊन आदळली. वर्गात मी ते सांगितलं तेव्हा त्याच्या बाकावर दुसरं मूल बसलं होतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला तो परतला आणि थेट पुठ्ठ्यांच्या पेटीकडे गेला. ‘कॉलिन्स’ त्यानं ‘कॉ-लि-न-स’ असं वाचलं. मी टोकलं नाही. “भ्या नाही वाटलं त्याला?” एवढं विचारलं. मी खरं ते सांगितलं. कॉलिन्सनं पुढे स्वतः पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की चंद्राच्या मागे त्याला भीती किंवा एकटेपण वाटलं नाही, उलट समाधान वाटलं. मुलानं मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही.

चंद्राला वास असतो का, असंही वर्गात एका मुलीनं विचारलं होतं. असतो. चालून यानात परतल्यावर, शिरस्त्राणं काढली की कपड्यांना लागलेल्या धुळीचा वास अंतराळवीरांना यायचा, उडवलेल्या फटाक्याच्या दारूसारखा. अपोलो १७च्या हॅरिसन श्मिटला तर त्या धुळीनं शिंका आल्या, नाक चोंदलं. ते ऐकून वर्ग खिदळला होता.

आता माझा राग सांगते. आमच्या शाळेत लोखंडी कपाट होतं. त्यात नारळीकरांची पुस्तकं होती, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. आणि कपाटाला कुलूप होतं. पुस्तक फाटलं तर साठा नोंदवहीत काय लिहायचं, या धास्तीनं ते कुलूप वर्षानुवर्षं उघडलं गेलं नाही. पुस्तकं कोरी राहिली, तपासणीत शेरा चांगला मिळाला. २३ जुलै १९६९ला परतीच्या वाटेवर यानातून बोलताना आर्मस्ट्राँगनं पहिल्यांदा नाव घेतलं ते याच ज्यूल व्हर्नचं. शंभर वर्षांपूर्वी एका लेखकानं फ्लोरिडातून चंद्राकडे निघणारं आणि पॅसिफिकमध्ये परतणारं यान लिहून ठेवलं होतं, याची त्यानं आठवण काढली. चंद्रावर पाऊल ठेवून आलेला माणूस एका पुस्तकाची आठवण काढतो, आणि आमची पुस्तकं कुलपात. हा राग निवृत्तीनंतरही गेलेला नाही.

कॉलिन्स एप्रिल २०२१मध्ये गेला. इकडे दुसऱ्या लाटेत माणसं जात होती, त्यात ती बातमी कोपऱ्यात आली. माझ्या वर्गातला तो मुलगा तेव्हा विशीत असणार. तोही कोयता घेऊन जातो का, मला माहीत नाही. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला, तेव्हा त्याच शाळेतली मुलं टाळ्या वाजवत असल्याचा फोटो तिथल्या शिक्षिकेनं मला पाठवला. फार बरं वाटलं. मी उलट विचारलं, कपाट उघडलं का? तिचं उत्तर आलं, “किल्ली मागितली आहे.”

तुमच्या गावच्या शाळेत असं कपाट असेल, तर तुम्हीही किल्ली मागा. पुस्तकं फाटतील, फाटू द्या. आणि एखादं पोर ऊसतोडीला निघालं असेल, तर त्यातलं एक त्याच्याबरोबर गाडीत जाऊ द्या. नोंदवहीत पुस्तक गहाळ म्हणून लिहावं लागलं तरी चालेल.